ती बाई

सासू-सुनेचं पटतं असं कुणी सांगितलं की लोक त्याच्याकडे संशयानं बघतात. एक तर हा खोटं बोलतोय, नाहीतर दोघींपैकी एक परगावी राहते. पण टाचणीचं आणि तिच्या सासूबाईंचं खरंच पटायचं. भांड्याला भांडं लागायचं, आवाज रस्त्यापर्यंत जायचा, आणि संध्याकाळी दोघी एकाच पलंगाच्या कडेला बसून एका सुरात प्रार्थना म्हणायच्या.

टाचणी हे तिला गल्लीनं ठेवलेलं नाव. दिवसभर ओठांत टाचण्या धरून शिवायची म्हणून, आणि टाचण्या काढल्यावर तोंडातून जे बाहेर पडायचं तेही टोचायचंच, म्हणून. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधं बटण लावता येत नव्हतं आणि देवाचं नाव ती फक्त ठेच लागल्यावर घ्यायची. दोन्ही गोष्टी सासूबाईंनी शिकवल्या. शिवण वाकडी गेली की त्या बोलत नसत. छोटी कात्री उचलून सगळी टीप उसवत आणि कापड पुन्हा सुनेच्या मांडीवर टाकत. प्रार्थनेत मन लागत नाही अशी तक्रार केली की म्हणत, "मन राहू दे. तू गुडघे टेक. मन येईल मागून धावत, जाणार कुठं?"

पुढे सासूबाईंची आठवण विरत गेली. आधी गॅस बंद करायचा राहू लागला, मग गेलेल्या माणसांची चौकशी सुरू झाली, आणि एके दिवशी त्यांनी पोटच्या मुलालाच विचारलं, "आपल्याला कोण हवंय?" तो पाणीपुरवठ्याच्या पंपावर पाळीनं कामाला जायचा. त्या दिवशी तो डबा न घेताच गेला. हात मात्र काही विसरले नव्हते. मशीनशेजारच्या खुर्चीत बसल्या बसल्या सासूबाई हाताला लागेल ते कापड चाचपायच्या, टीप शोधायच्या आणि उसवायच्या. सरळ असो, वाकडी असो. टाचणीनं कात्र्या लपवल्या, तर त्या दातांनी दोरा तोडायला लागल्या. आतल्या खोलीत बसवावं तर मशीनचा आवाज हवा म्हणून रडायच्या.

टाचणीनं हे सगळं निभावलं, आणि तेही आदळआपट न करता. गल्ली चाट पडली. ती स्वतः सगळ्यात जास्त. शेवटी चर्चमधल्या बायकांच्या प्रार्थनासभेत ती उभी राहिली आणि तिनं साक्ष दिली. "माझी जीभ आणि माझा राग तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे," ती म्हणाली. "तो राग प्रभूनं काढून घेतला. मुळासकट." चर्चच्या पाळकसाहेबांच्या बायकोनं, पाळकीणबाईंनी, डोळे पुसले. 'मुळासकट' हा शब्द टाचणीला इतका आवडला की घरी येताना रस्ताभर तिनं तो मनात घोळवला. गर्वाचं घर खाली, हे आपण पोरांना शिकवतो; आपलं स्वतःचं किती मजले वर गेलंय ते बघायला कुणी बाहेर येत नाही.

गायकवृंदासाठी नवे झगे शिवायचं काम तिनं आपण होऊन अंगावर घेतलं होतं. पांढरे, लांब बाह्यांचे, गळ्याशी दुहेरी पट्टी. शनिवारी दुपारी ते पूर्ण झाले आणि इस्त्री करून खुर्चीवर रचले गेले. टाचणी चहा ठेवायला आत गेली. चहा उतू गेला, तिनं ओटा पुसला, खिडकीतून शेजारणीशी बोलण्यात बराच वेळ गेला, आणि बाहेर आली तर सासूबाईंच्या मांडीवर झग्यांचा ढीग. बाह्या एकीकडे, पाठी एकीकडे, जमिनीवर दोऱ्यांचा पसारा. मोठी कात्री ती स्वतःच मशीनवर विसरून गेली होती. सासूबाई मात्र खुशीत होत्या.

"सगळं वाकडं शिवलंय," त्या म्हणाल्या. "कुणी शिकवलं गं तुला?"

टाचणीचा हात उठला. मनात विचार-बिचार काही आला नाही. हात उठला आणि सासूबाईंच्या गालावर पडला. बोटात अंगुस्तान होतं, सुई टोचू नये म्हणून घालतात ते लोखंडी टोपण. ते गालाच्या हाडावर बसलं, चष्मा उडून मशीनखाली गेला. सासूबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि म्हणाल्या, "नाही करणार. परत नाही करणार."

ज्या बाईनं हिला उभं केलं, ती बाई हिच्यापुढे पोरासारखी विनवण्या करत होती. टाचणीला त्या क्षणी मरून जावंसं वाटलं.

संध्याकाळपर्यंत गाल काळानिळा झाला. सासूबाई भिंतीवरच्या आरशात बघून म्हणाल्या, "हे कशानं गं?" दाराचं लागलं म्हटलं असतं तर चालून गेलं असतं. पण खोटं बोलायचं नाही असं तिला याच बाईंनी शिकवलं होतं. ती गुडघ्यांवर बसली. "मी मारलं, आई. मला क्षमा करा." सासूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "तू?" त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. घटकाभरानं सगळं विसरल्या. पुन्हा आरशापाशी गेल्या, पुन्हा तोच प्रश्न. टाचणीनं पुन्हा खरं सांगितलं, आणि पुन्हा तेच, "तू?" दर वेळी ती बातमी त्यांना ताजी होती, आणि दर वेळी त्या तितक्याच हबकत होत्या. शेवटी कामावरून आलेल्या नवऱ्यानं टाचणीला दंडाला धरून उठवलं.

"बास कर," तो म्हणाला. "मारलंस ते एकदा मारलंस. आता अजून किती वेळा मारणार आहेस तिला?"

त्यानं आरसा उतरवून कपाटामागे ठेवला. त्या रात्री आणि पुढेही बरेच दिवस तो टाचणीशी कामापुरतंच बोलला.

माणसाच्या मनाचा काही नेम नाही. सासूबाई मार विसरल्या, पण भीती विसरल्या नाहीत, आणि भीती म्हटली की ती कुणाची तरी असावी लागते. सुनेची भीती? छे, ते त्यांच्या मनाला पटेना. मग त्यांनी घरात एक वेगळीच बाई आणली. सकाळी केस विंचरून घेताना त्या हळूच म्हणाल्या, "सूनबाई, काल ती बाई आली होती. मारते गं मला. तिला घरात घेत जाऊ नकोस." टाचणीच्या हातातली फणी केसांतच राहिली. "नाही घेणार, आई," एवढंच ती म्हणाली.

पुढच्या प्रार्थनासभेत ती उभी राहिली आणि दिलेली साक्ष तिनं परत घेतली. काय झालं ते सांगितलं, अंगुस्तानासकट सांगितलं. आता साक्ष द्यायची रीत असते, परत घ्यायची नसते. बायकांना कळेना 'आमेन' म्हणायचं की नाही. कुणी पंख्याकडे बघितलं, कुणी पर्समध्ये रुमाल शोधला. "होतं असं," एक जणी पुटपुटली आणि शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं. त्यानंतर त्याच बायका सासूबाईंना बघायला म्हणून घरी येऊ लागल्या. चहा पिता पिता त्यांचे डोळे सासूबाईंच्या गालावरून आणि मनगटांवरून फिरायचे. टाचणी ते मुकाट्यानं सोसायची. आपल्याला हीच शिक्षा हवी, असं तिला वाटायचं.

चूक कबूल केली की माणूस सुधारतो म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातं? टाचणी काही दिवस खरंच सुधारली. आणि मग एका सकाळी सासूबाई अंघोळीला अडून बसल्या. पाणी अंगावर घेईनात, ओतलं तर किंचाळल्या, आणि शेवटी भरलेला मग त्यांनी टाचणीच्या तोंडावर फेकला. तिनं हात उगारला नाही. तिनं त्यांचे दोन्ही खांदे धरले, गदागदा हलवले आणि दातओठ खाऊन म्हणाली, "मरत का नाही तुम्ही एकदाच्या!"

थप्पड नुसती हातातून गेली होती. हे मनातून आलं होतं. ते बोलली त्या घटकेला तिला ते खरोखर हवं होतं, आणि ते तिला स्वतःला कळलं होतं.

तिनं प्रार्थना सोडली. रुसून नव्हे, लाजेनं. कुठल्या तोंडानं जायचं? एकदा पडला तर लोक म्हणतात पाय घसरला, त्याच जागी पुन्हा पडला तर म्हणतात याची चालच अशी. इतक्या वर्षांची उपासना, गुडघे टेकून टेकून गुडघ्यांना पडलेले घट्टे, आणि आत बघावं तर जी मुलगी लग्न होऊन आली होती तीच बसलेली, तशीच फणकारत. आपण कधी वाढलोच नाही, नुसतं वरून शिवून घेतलं, असं तिच्या मनानं घेतलं. रविवारी ती घरीच राहू लागली.

"आईंना तुमच्या बहिणीकडे पोचवा," ती नवऱ्याला म्हणाली. "माझ्या हातून काहीतरी भलतं व्हायच्या आत."

बहिणीचं गाव लांब होतं. तिच्याकडे मोकळी खोली होती, मायाही होती, मशीन नव्हतं. नवऱ्यानं पंपावरच्या पाळ्यांचा कागद काढून बघितला. मग म्हणाला, "सुट्टी मिळाली की नेतो." टाचणीनं बॅग काढली आणि सासूबाईंचे गरम कपडे नीट घड्या घालून त्यात भरले. एकदा त्या गेल्या की परत येणार नाहीत, आणि आल्या तरी आपल्याला ओळखणार नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं. तोपर्यंत त्यांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, 'क्षमा केली' एवढं ऐकायला मिळावं, एवढीच तिची भूक होती. आणि मागायची कशी? मागायचं म्हणजे आधी मारलं हे सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे पुन्हा मारायचं.

संध्याकाळी सासूबाई एकट्याच पलंगाच्या कडेला बसून प्रभूची प्रार्थना सुरू करायच्या. नावगाव विसरलेली बाई, पण त्या ओळी जिभेवर होत्या. 'रोजची भाकरी दे' इथपर्यंत त्या ठीक यायच्या आणि आम्ही दुसऱ्यांना करतो तशी क्षमा आम्हाला कर, या अर्थाच्या ओळीशी अडायच्या. ओठ हलायचे, शब्द यायचा नाही, की पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच अडणं. स्वयंपाकघरात टाचणी भांडी जोरजोरात घासायची, ऐकू येऊ नये म्हणून. एका संध्याकाळी तिला ते असह्य झालं. हातातली ताटली तशीच धरून तिनं आतूनच ती ओळ म्हटली. सासूबाईंनी ती झेलली आणि सरसर शेवटपर्यंत जाऊन 'आमेन' म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. ही काही प्रार्थना नाही, टाचणी स्वतःला बजावायची, आजारी माणसाला आठवण करून देतेय नुसती. पण नेमकी तीच ओळ रोज तिच्या तोंडून जात होती, आणि जाताना घसा सोलत होती. हळूहळू ती आतून न म्हणता दारात उभी राहून म्हणू लागली. मग एक दिवस पाय दुखतात म्हणून पलंगावर टेकली.

त्याच सुमाराला एका दुपारी ती ओठांत टाचण्या धरून सासूबाईंच्या स्वेटरचं बटण लावायला वाकली आणि त्यांनी झटकन दोन्ही हात डोक्यावर घेतले. "ती बाई" समोर उभी होती.

टाचणीनं टाचण्या काढल्या. "घाबरू नका. मी मारणार नाही. मला क्षमा करा हो."

"जा," सासूबाई हात न काढताच म्हणाल्या. "माझी सून आत आहे. मी हाक मारीन."

"मारा ना, आई."

"सूनबाई!" सासूबाईंनी टाहो फोडला. "अगं सूनबाई, लवकर ये गं!"

काय करणार? टाचणी उठली, आतल्या खोलीत गेली. दार ओढून घेतलं, भिंतीला डोकं टेकून उभी राहिली, तोंड पुसलं, आणि दार उघडून बाहेर आली. "काय झालं, आई?"

सासूबाई तिला बिलगल्या. "आली होती गं ती. तू आलीस म्हणून गेली."

त्या दिवसापासून हे असंच चाललं. कधी तिचा आवाज चढला, कधी पावलं जोरात पडली, कधी काही न होताच, ती बाई यायची. टाचणी आत जायची आणि सून होऊन बाहेर यायची. तिला दर वेळी रडू यायचं, आणि दर वेळी ते दाराआडच संपवावं लागायचं.

झग्यांचं काय झालं म्हणून विचारायला पाळकसाहेब आले. खरं म्हणजे ती चर्चला का येत नाही ते बघायला आले होते, पण संधिवाताच्या पायांनी जिना चढल्यावर माणूस आधी झग्यांचंच बोलतो. टाचणीनं त्यांना अंघोळीचं सांगितलं, ती बाई सांगितली. "माझ्यात काही नाही, पाळकसाहेब," ती म्हणाली. "इतकी वर्षं नुसतं सोंग केलं मी."

"मी इतकी वर्षं मंडळी सांभाळतो," पाळकसाहेब म्हणाले, "आणि अजून सकाळी बायकोशी धड बोलत नाही. रोज ठरवतो, आज नीट बोलायचं."

"मग ठरवून उपयोग काय?"

"ठरवायचं सोडलं तर संध्याकाळीही बोलणार नाही ना." त्यांनी गुडघा चोळला. "तू परत पडलीस हे खरं. पण पडल्यावर तुला इतकं लागतंय, ते आधी लागायचं का? लग्न होऊन आलीस तेव्हा?"

टाचणीनं नकारार्थी मान हलवली. "देवाची क्षमा मला माहीत आहे, साहेब. तुम्ही दर रविवारी सांगता. मला यांची हवीय."

"हवीच असणार. मारलंस ते यांना," ते म्हणाले. जाताना त्यांनी सासूबाईंचा हात हातात घेतला. सासूबाईंनी त्यांच्या कोटाच्या बाहीची टीप चाचपून बघितली.

टाचणी रविवारी चर्चला गेली. मागच्या बाकावर, दाराजवळ बसली. बरं काही वाटलं नाही. पुढच्या रविवारीही गेली.

नवऱ्याला सुट्टी मिळाली. निघायच्या दिवशी दुपारी बॅग दाराशी ठेवलेली होती आणि तो गाडी बघायला खाली गेला होता. टाचणी सासूबाईंना मोजे घालत होती, तेवढ्यात ती बाई आली. टाचणीनं नेहमीसारखी क्षमा मागितली, हाक ऐकली, आत गेली, बाहेर आली आणि सासूबाईंच्या शेजारी बसली.

"आली होती," सासूबाई म्हणाल्या.

"हो, आई. काय म्हणत होती?"

"क्षमा मागते. सारखी मागते." त्यांनी स्वेटरच्या बाहीची टीप चाचपली. "बिचारी."

टाचणी त्यांच्याकडे वळली. "मग तुम्ही काय सांगता?"

"मी काय सांगणार? भीती वाटते मला. एकटी असते ना मी तेव्हा. तू आत असतेस."

"मी जवळ बसले तर सांगाल?"

"तू हात धरलास तर सांगीन."

टाचणीनं त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बोटांची टोकं सुयांनी खरखरीत झालेली होती, दोघींचीही.

"बोलाव तिला," सासूबाई म्हणाल्या.

"ती इथंच आहे, आई."

सासूबाईंनी खोलीभर नजर फिरवली. मशीन, खुर्ची, बॅग. शेजारी बसलेल्या सुनेवरून ती नजर प्रेमानं पुढे गेली आणि दाराशी थांबली. त्यांनी मान ताठ केली.

"बाई," त्या दाराला म्हणाल्या, शिवण शिकवताना असायचा त्या आवाजात, "केली क्षमा. आता जा. आणि माझ्या सुनेला छळू नकोस. तिला आधीच फार काम असतं."

टाचणीनं ओठ आवळले. रडणं आवरायला आता दार नव्हतं. इतके दिवस जे हवं होतं ते मिळालं होतं, तिच्या डोळ्यांदेखत, आणि ते दुसरीला मिळालं होतं.

"गेली का गं?" सासूबाईंनी कुजबुजत विचारलं.

'गेली' म्हणणं सोपं होतं. एकदा आपल्या रागाबद्दल ती तसं म्हणून बसली होती, सगळ्या बायकांसमोर.

"जातेय, आई," ती म्हणाली. "हळूहळू जातेय."

"मग ती जाईपर्यंत हात सोडू नकोस."

नवरा जिना चढून वर आला. "गाडी आलीय," तो म्हणाला आणि बॅग उचलली. मग त्यानं बायकोचा चेहरा बघितला.

"बॅग ठेवा खाली," टाचणी म्हणाली. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"आणि परत झालं तर?"

"होईल," ती म्हणाली. "नाही होणार असं मी कुणालाच सांगणार नाही आता. पण नेऊ नका."

तो बॅग हातात घेऊन तसाच उभा राहिला. खाली गाडीवाल्यानं हॉर्न दिला. त्यानं बॅग टेकवली.

"अंघोळ मी घालत जाईन," तो म्हणाला.

सासूबाईंची नजर अजून दारावरच होती.